करंट गेला तेव्हाचं बक्षीस

दिगू, ते बक्षीस चोरीचं नव्हतं. आधी एवढं सांगून टाकते, मग बाकीचं बोलू.

तुझ्या तेरवीला बँडातले तुझे तिघंबी आले होते. त्यांच्याच तोंडून ऐकलंय मी हे. मुजीबला तर पुन्हा म्हणायला लावलं. एक तर माझे कान गिरणीनं खाल्लेले, आणि दुसरं म्हणजे असलं बोलणं एकदा ऐकून भागत नाही.

आता घर रिकामं झालंय. देगलूरचे पाहुणे गेले. मी बोलते आणि आपली लता लिहून घेते. मराठी मंडळाच्या बाईंचा फोन आला होता, अंकात दिगंबररावांवर काहीतरी द्या म्हणून. जन्म कुठला, शिक्षण किती, बँडला बक्षिसं कोणकोणती मिळाली, असं विचारायल्या. म्हणलं, बाई, ते पेपरात आलंय, तिथून घ्या. मला त्याच्याशी बोलायचंय, ते छापत असाल तर सांगते. त्या हो म्हणल्या.

मी लग्न होऊन गौलीगुड्यात आले तेव्हा तू चड्डीतला पोरगा. सासू नव्हती. दीर म्हणून तुला भावजी म्हणायला पाहिजे होतं, पण ज्याचं नाक पुसून शाळेत धाडायचं त्याला भावजी कसं म्हणायचं. दिगूच राहिलास. मोठा झाल्यावर बाहेरचे लोक डिग्गी म्हणायला लागले, स्टेजखालून तेच नाव ओरडायचे. मला दर वेळी वाटायचं, कुणाच्या कुत्र्याला हाक मारायलेत.

तुझे दादा गेले तेव्हा लता मांडीवर होती. गिरणी बंद करा, असंच सगळ्यांचं म्हणणं. बाईमाणूस पट्ट्याजवळ उभी राहणार, पदर अडकला तर जिम्मेदार कोण. तू मॅट्रिकला होतास. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून गिरणीच्या दगडाला टाकी लावायला बसलास. मी पदर कमरेला खोचला आणि बटण दाबलं. सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे, हात हलवत. मग दळण घेऊन यायला लागले. त्या दिवसांचं मी जास्त बोलत नाही. निभावलं, झालं.

कॉलेजात तुला हे तिघं भेटले. सिकंदराबादचा लेस्ली गिटारवाला. मल्लेपल्लीचा मुजीब, तो ते जाड तारांचं गिटार वाजवायचा, ज्याचा आवाज पोटात घुमतो. आणि आपल्या मागच्या गल्लीतला सीनू, तेलुगू घरातला, तो गाणारा. तू ड्रमवर. वाजवायला जागा कुठं? लेस्लीच्या गल्लीत लोकांनी दगडं मारली. सीनूच्या बापानं बॅगेसकट बाहेर काढलं. मुजीबच्या घरी तर विचारायचीच सोय नव्हती.

एक दिवस तू माझ्या मागं मागं फिरायला लागलास. मी ओळखलं, काहीतरी मागायचंय.

"वहिनी, गिरणीच्या मागच्या खोलीत वाजवावं का?"

"लोक काय म्हणतील गा?"

"गिरणी चालू असतानाच वाजवतो. एवढ्या आवाजात आमचा आवाज कुणाला कळतोय."

खरंच होतं ते. दुपारी ज्वारीची गर्दी असायची, गिरणी थांबायचीच नाही, तेवढ्यात तुमचं उरकायचं. कळायचं मात्र लोकांना. कोपऱ्यावरची मावशी डबा खाली ठेवून विचारायची, "गिरणी बिघडली की काय गं?" मी म्हणायची, "नाही मावशी, माझा दीर वाजवायलाय." ती म्हणायची, "मग त्याला दाखवा कुठंतरी."

बँडच्या नावावरून तुमचं किती भांडण. सीनूला भुताखेताचं इंग्लिश नाव पाहिजे होतं. शेवटी मुजीब वैतागला. "मियाँ, बजाते कहाँ? चक्की में. आटे में सन के घर जाते. बस, नाम चक्की." तेच पडलं. मग मोठमोठ्या हॉटेलात सुटाबुटातली माणसं माइकवर 'चक्की' म्हणायची तेव्हा मी इकडं तिकडं बघायची, कुणी दळण घेऊन आलं का म्हणून.

तुमच्या गाण्यातलं मला शेवटपर्यंत काही कळलं नाही, हे तुला माहीत आहे. हार्ड रॉक म्हणायचात तुम्ही. सीनू गायला लागला की मला वाटायचं याचं पोट दुखायलंय. एक मात्र कळायचं. गिरणीच्या पट्ट्याला जोड असतो, तो चाकावरून गेला की टक् करतो, दर फेऱ्याला. तू त्या आवाजावर पाय धरायचास. मी दळता दळता ऐकायची, तो टक् आणि तुझा पाय सोबत पडायला. कधी चुकायचा नाही. करंट गेला की गिरणी बंद, गिटारी बंद, तुझ्या काठ्या खाली. चौघं पांढऱ्या भुवया घेऊन ओट्यावर यायचे, करंट येईपर्यंत चहा आणि भांडण.

पहिला कप तुम्हाला कॉलेजांच्या स्पर्धेत मिळाला. तू पिशवीत घालून आणलास, चोरून आणल्यासारखा. मी दारातच थांबवलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, चौघांनाबी कुंकू लावलं. मुजीबनंबी लावून घेतलं आणि गल्लीच्या तोंडाशी रुमालानं पुसलं, अम्मी बघंल म्हणून. तो कप तू गिरणीतल्या फळीवर ठेवलास. पिठानं पांढरा झाला. गिऱ्हाईकं विचारायची, पोरगा शर्यतीत पळतो का.

मग ते दिवस आले, दुकानात रंगीबेरंगी बाटल्या, या गच्चीवरून त्या गच्चीवर केबलच्या तारा. लताला टीव्हीसमोरून उठवता उठवता जीव जायचा. त्या थंड्या पाण्याच्या कंपनीनं गावोगावच्या बँडांची स्पर्धा लावली आणि तुम्ही बंगळूरला जाऊन पहिला नंबर घेऊन आलात. इंग्लिश पेपरात फोटो. लेस्ली बनियनवर. ज्या सीनूच्या बापानं बॅग रस्त्यावर टाकली होती, त्यानं तो फोटो कापून खिशात ठेवला. किराणा आणायला गेला तरी दाखवायचा. सीनू मला त्यांच्या तेलुगूत वदिना म्हणायचा, म्हणजे वहिनीच. म्हणायचा, "वदिना, बापाला माझं गाणं नको, फोटो पाहिजे." पुढं कॅसेट निघाली, तिलाबी बक्षीस, मग मद्रासला एक. फळी भरली.

त्याच दिवसांत दुकानात पिठाची पाकिटं आली. माझ्यासमोरची रांग बारीक होत गेली. तू नोकरीला होतास त्या सरकारी कारखान्यात माणसं कमी करायला लागले, आपणहून सही करा म्हणाले. तू केलीस. मी विचारलं, घर कसं चालायचं. म्हणलास, पोरांना ड्रम शिकवतो. आणि शिकवलंस. नव्या नव्या कंपन्यांत नोकरी लागलेली माणसं आपल्या पोरांना घेऊन गिरणीच्या मागच्या खोलीत यायची, नाकाला रुमाल लावून. लताचं लग्न त्यातूनच झालं. हे तुला मी तोंडावर कधी बोलले नाही. आपल्यात बोलायची पद्धत नव्हती. आता बोलते. लता हे लिहायला थांबली होती, म्हणलं लिही.

तुझे कान गेल्याचं मला कसं कळलं, ते तू मला कधी विचारलं नाहीस. सांगते. तू सगळ्याला हौ म्हणायला लागला होतास. जेवलास का, हौ. उपाशी आहेस का, हौ. मला शंका आली. एक दिवस तू पाठमोरा बसून ड्रमच्या कातड्याचे स्क्रू पिळत होतास. मी मागं उभी राहून विचारलं, "दिगू, लग्न करतोस का आता?" म्हणलास, "हौ." ज्या माणसानं लग्नाच्या नावानं दोन-दोन दिवस घर सोडलं होतं, तो हौ म्हणायलाय. मी दुसऱ्याच दिवशी तुला डॉक्टरकडं नेलं.

कोटी भागातल्या दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, आतली नस गेलीय, एवढ्या वर्षांचा आवाज. मशीन लावा, थोडंफार ऐकू येईल. तू मशीन डबीत ठेवलीस. म्हणालास, स्टेजवरच्या लाइटात चमकंल. आणि घरी येईपर्यंत ऑटोत माझा हात दाबून धरलास. "वहिनी, तिघांना सांगायचं नाही. लताची आण."

तेव्हापासून आपलं भांडण चालू. मी म्हणायची, सांग त्यांना. मित्र आहेत. काढून टाकणार आहेत का?

तू म्हणालास, "काढणार नाहीत. तीच तर भीती आहे. ठेवून घेतील. दया करतील."

यावर मला उत्तर सुचलं नाही. पुष्कळ वर्षं सुचलं नाही.

तू वाजवत राहिलास. बूट काढून, अनवाणी. म्हणायचास, जमिनीतून कळतं. पुढं पुढं मुजीबच्या आवाजाचा तो मोठा डबा तुझ्या पाठीशी असायचा, त्याचा धक्का पाठीला लागतो, त्यावरून समजतं. "नशीब वहिनी, मुजीबला आता डबा माझ्यामागं ठेवायची खोड लागलीय. त्याच्या कमरेला त्रास होतो म्हणे समोर ठेवला की." मीबी म्हणलं, नशीब.

पण हे डब्याचं नंतरचं. त्याआधी झालं ते इंजिनिअरिंग कॉलेजचं मैदान. भर दुपारचा कार्यक्रम. त्या दिवशी तू घरी आलास तो तोंड पांढरं, आणि पिठानं नाही. मी विचारलं काय झालं. एवढंच म्हणालास, "करंट गेला मध्येच. पोरं खूश झाली." जेवला नाहीस. पुढच्या आठवड्यात पेपरात आलं की करंट गेला, गिटारी मेल्या, पण चक्कीच्या डिग्गीनं एकट्यानं ड्रम वाजवून मैदान पेटवलं, करंट येईपर्यंत थांबलाच नाही. आणि त्यावरच त्या गाण्यांच्या चॅनलवाल्यांनी तुला बक्षीस दिलं. सगळ्या देशात चांगला ड्रमवाला म्हणून. बँडला नाही, तुला एकट्याला.

त्या मोठ्या हॉटेलात मी नारायणपेठ नेसून आले होते. गार हवेनं पाय गोठले. काचेचं बक्षीस दिलं तुला, आत ज्योतीसारखं काहीतरी. लोक उभे राहिले. लता रडली. मी तुझ्याकडं बघत होते, तू हसत होतास, पण तसं हसू मी ओळखते. फोटो काढताना माणूस हसतो तसं.

घरी आल्यावर ते माझ्या हातात दिलंस. "हे ठेव कुठंतरी. दिसू देऊ नको."

"कामून गा?"

"चोरीचं आहे."

मग सांगितलंस. डोळे मिटून वाजवत होतास. करंट गेला हे तुला कळलंच नाही. डोळे उघडले तर तिघं हात खाली सोडून तुझ्याकडं बघत उभे, आणि समोर पोरं वेडी झालेली. तू घाबरलास आणि घाबरून थांबला नाहीस. "ऐकू येणारा कुणीबी थांबला असता वहिनी. मी थांबलो नाही कारण मी बहिरा आहे. आणि त्याचं बक्षीस घेऊन आलो. त्या तिघांना फसवून."

मी ते काचेचं बक्षीस जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि ट्रंकेत गोधड्यांखाली ठेवलं. फळीवर बाकीची सगळी राहिली, हे नाही. कुणी विचारलं तर मी म्हणायची, लताच्या घरी आहे. लताला सांगायची, मुजीबच्या घरी आहे. मी शिकलेली नाही, पण चोरीचा माल घरात ठेवायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. दर दिवाळीला ट्रंक उघडली की हाताला ते टणक लागायचं आणि मला वाटायचं, खरंच चोरी असंल का ही? ज्या पोराला मी वाढवलं त्यानं मित्रांचं काही घेतलं का? मी तुला कधी विचारलं नाही. तू असाच वाळून चालला होतास.

त्यानंतर दर कार्यक्रमात त्या गाण्यात तिघं मुद्दाम थांबायला लागले. हात खाली सोडून उभे राहायचे, तू एकटा वाजवायचास, मग परत सुरू. लोक त्याच गाण्याची वाट बघायचे. तू मला म्हणालास, "बघ, माझ्या चोरीचा आता तमाशा झालाय, आणि मला रोज तोच करावा लागतो." मी म्हणलं, सांग की मग त्यांना. तू उठून गेलास.

शेवटचं बक्षीस या हिवाळ्यातलं. नामपल्लीच्या नुमाइशीत, त्या दरवर्षीच्या प्रदर्शनात, शहरातला सगळ्यात जुना चालू बँड म्हणून चौघांचा सत्कार. तुझे गुडदे, म्हणजे किडन्या, गेल्या होत्या, हाताला सुयांचे काळे डाग, तरी आलास. मी पुढच्या खुर्चीत. माइकवरून एकेकाचं नाव घेत होते. तुझं नाव आलं आणि तू बसूनच. मी उठायला लागले. तेवढ्यात शेजारी बसलेल्या मुजीबनं समोर बघत बघतच तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि थोडं ढकललं. तू उठलास. शाल, नारळ, टाळ्या. मला वाटलं, योगायोग. वाचलो बाबा एकदाचे.

दवाखान्यात शेवटी शेवटी तू कागदावर लिहायचास आणि मी तोंड हलवून उत्तर द्यायची. ते तिघं पाळीनं बसायचे तुझ्याजवळ. ते बाहेर गेले की तू माझ्याकडं बघून मान हलवायचास, सांगू नको म्हणून. मी हो म्हणलं नाही आणि नाहीबी म्हणलं नाही. तुझ्या पायाचे तळवे चोळत बसले. सुया टोचून घेऊन घेऊन तुझं कातडं चाळणीसारखं झालं होतं. तू गेलास तेव्हा मी रडले नाही म्हणून नणंदेनं नावं ठेवली. ठेवू दे. मला सुटल्यासारखं झालं, तुझ्यासाठी. नंतर पाणी आलं डोळ्याला, पण ते गिरणीत, कुणी नसताना.

आता तेरवी.

जेवणं झाली. पंगत उठली. तिघं ओट्यावर बसले होते, जुन्याच जागी, आता पोटं सुटलेली. सीनूला चष्मा. मी आत गेले, ट्रंक उघडली, लुगड्यासकट ते घेऊन बाहेर आले. लता म्हणली, "आई, कशाला आता? काकानं आण घातली होती ना." तू गेल्यावर तिला सगळं सांगितलं होतं मी. मी तिला म्हणलं, आण तुझ्या नावाची होती, तू ठणठणीत बसलीयेस माझ्यासमोर. तो गेला. आता या मालाचं काय करायचं ते मालकांनीच सांगावं.

मी ओट्यावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. कान, कोटीचा डॉक्टर, मशीन, करंट. म्हणलं, "तो तुम्हाला फसवलं म्हणून झुरत गेला. हे तुमचं आहे. घेऊन जा. आणि त्याला माफ करायचं असंल तर इथंच करा, माझ्यासमोर."

लेस्ली लुगडं सोडायला लागला, हळूहळू, बाळाचं दुपटं सोडावं तसं. मुजीब खाली बघत होता.

मग म्हणला, "भाभी, हमको मालूम था."

मी म्हणलं, "काय मालूम होतं?"

"उसी दिन से. करंट गया, हम रुक गए, ये बजाते जा रहा. पहले समझे मस्ती में है. मैं बाजू में खड़ा था, कान के पास जा के चिल्लाया, डिग्गी, बस कर. नहीं सुना. फिर मैं सीनू को देखा, सीनू लेस्ली को देखा. तीनों समझ गए."

त्याच संध्याकाळी ते तिघं इराणी हॉटेलात बसले म्हणे. चहा थंड झाला पण कुणी पिला नाही. डिग्गीला कळता कामा नये की आपल्याला कळलंय, असं ठरलं. कळलं तर तो काठ्या ठेवून देईल. डबा पाठीशी ठेवायची अक्कल मुजीबची, कंबर त्याची कधीच दुखली नाही. दर गाण्यात तुझ्या उजव्या खांद्याकडं बघायचं, खांदा उचलला की सुरू व्हायचं, हे लेस्लीनं काढलं. सीनू म्हणाला, "वदिना, मी तर ठोका कानानं ऐकायचाच सोडला होता."

मला राग आला, दिगू. खरं सांगते. म्हणलं, "मग मला तरी कामून नाही सांगितलं? मी एवढी वर्षं जळत होते."

मुजीब म्हणला, "आप कायकू नहीं बोले?"

"मला आण घातली होती त्यानं."

"हम भी कसम खाए थे, भाभी."

तुम्ही चौघंबी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतात, आणि मी मध्ये.

पण मला जे विचारायचं होतं ते राहिलंच होतं. मी लेस्लीच्या हातातल्या काचेकडं बोट केलं. "आणि हे? हे चोरीचं की नाही?"

मुजीबनं डोळे वर केले. "भाभी, सोचो. हम तीनों को करंट लगता. करंट गया, हम तीनों बेकार. खड़े रह गए खंबे के जैसे. डिग्गी को करंट नहीं लगता था. जिसको करंट नहीं लगता, इनाम उसीका."

मी म्हणलं, परत म्हण. त्यानं परत म्हणलं.

लेस्ली कधी जास्त बोलत नाही, तुला माहीतच आहे. तो ती काच आपल्या शर्टानं पुसत होता. म्हणाला, "भाभी, हमारे साथ के सब बँड टूट गए. कोई अमेरिका गया, कोई कॉल सेंटर में. हम भी टूटने वाले थे, कॅसेट के टाइम पे, बहुत झगड़ा था. फिर ये हो गया. हर गाने में उसका मुँह देखना पड़ता. रोज मुँह देख के झगड़ा कैसे करते?" आणि नुमाइशीतली ती सगळ्यात जुन्या बँडची शाल आठवून म्हणाला, तीबी त्याचीच आहे मग.

तू ऐकायला नव्हतास, याचं वाईट वाटतंय मला. तू असतास तर म्हणला असतास, बघ वहिनी, दयाच होती शेवटी. मला तुझं बोलणं आधीच ऐकू यायलंय. म्हणून ते तिथंच मिटवायचं ठरवलं मी. मुजीबला विचारलं, "तुम्ही हे दयेनं केलं का रे?"

तो हसायला लागला. सीनूकडं बघून म्हणाला, "वो भास्कर का बता, भाभी को."

सीनू सांगायला लागला. तुझ्या नावानं त्यांनी पुढच्या महिन्यात कार्यक्रम ठेवलाय, तुझ्या ड्रमच्या पोरांसाठी. तुझ्या जागी भास्कर म्हणून बँकेतला माणूस बसवलाय, चाळिशीचा, टक्कल पडलेला. चांगला वाजवतो म्हणे. कान एकदम शाबूत. परवा पहिल्यांदा चौघं वाजवायला बसले. एक गाणं झालं, दुसरं झालं, तिसऱ्यात तो मध्येच थांबला. काठ्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणला, "आप लोगां तीनों मेरेको ऐसा कायकू घूर रैं? मैं कुछ गलत बजाया क्या?"

मी विचारलं, "मग काय सांगितलं त्याला?"

"काय सांगणार, वदिना," सीनू म्हणाला. "मान वळवायला बघितलं आम्ही. तर ठोकाच सापडेना."

"दया करतील" या तुझ्या बोलण्याला मला एवढी वर्षं उत्तर सुचत नव्हतं, दिगू. ते हे आहे.